शरीरातील मेद व आपला समाज
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात पौड येथे केलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले एक सेवानिवृत्त शिक्षक आहोत. विद्वानांनी सिद्ध केलेली गोष्ट आपल्या घरगुती भाषेत मांडावी, एवढाच आमचा हेतू आहे.

मधुमेह व हृदयविकार हे एके काळी उतारवयाचे रोग समजले जात. आज आमच्या हाताखाली शिकून गेलेली पस्तिशीची मुले इस्पितळाच्या पायऱ्या चढताना दिसतात. ‘अमका तर अंगाने सडपातळ, मग त्याला साखर कशी झाली?’ हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. त्याचे उत्तर मेदात आहे.

मेद हा मुळात शत्रू नव्हे. त्यातील मेदाम्ले हे शरीराचे इंधन होय. ते साठविण्यासाठी निसर्गाने मेदपेशी निर्माण केल्या आहेत. आपल्या घरातील भाताची कणगी, तशाच या पेशी. परंतु कणगी भरली तरी ओतणे थांबले नाही, तर भात सांडणारच. त्याचप्रमाणे मेदपेशी भरल्या म्हणजे मेदाम्ले रक्तात उतरतात व यकृत, स्नायू, हृदय आणि स्वादुपिंड येथे शिरतात. तेथे त्यांना पुरेशी जागा नसते. पामिटिक आम्लासारखे संपृक्त मेदाम्ल अतिरिक्त झाले, की त्यापासून सिरामाइड नावाचे द्रव्य बनते व ते इन्शुलिनचा निरोप पेशीत पोचू देत नाही. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांवर भार पडतो, प्रथिने घडविण्याचे काम बिघडते व अखेर पेशी मरते. स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी अशा घटत गेल्या, म्हणजे मधुमेह जडतो. हे आम्ल केवळ वनस्पती तुपातून किंवा पामतेलातूनच येते असे नाही. साखर व भात गरजेहून अधिक झाला, तर यकृत त्यापासूनही ते तयार करिते.

आता सडपातळ माणसाचे काय? याचा शोध आपल्याच जिल्ह्यात लागला, ही अभिमानाची गोष्ट होय. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या बालकांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालके सरासरी २.७ किलो वजनाची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची होती. आपल्या बालकांचे स्नायू कमी भरले, पण त्वचेखालील मेद मात्र जवळजवळ तितकाच आढळला! पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक व इंग्रज डॉक्टर युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे. परंतु युडकिन यांच्या अंगात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तात्पर्य, आपण दिसतो बारीक, पण आत मेद बाळगतो. आणि आपली कणगी लवकर भरते.

हे ध्यानी घेऊन आपल्या मुळशीकडे पाहावे. चिखलात दिवसभर आवणी करणाऱ्या पूर्वजांना आंबेमोहोराचा भात पचत असे, कारण काम करणारे स्नायू मेदाम्ले जाळून टाकीत. आज हिंजवडी-माणच्या बाजूस शेते गेली, नांगर सुटला, पैसा आला आणि पाऊल मोटारसायकलीवरून उतरेनासे झाले. ताट मात्र पूर्वीचेच राहिले. उलट त्यात जिलेबी व भजी यांची भर पडली.

म्हणून संस्थेपुढे आमच्या तीन सूचना आहेत. दर संमेलनात प्रत्येकाच्या कमरेचे माप घ्यावे. पुरुषाचे ९० व स्त्रीचे ८० सेंटिमीटरांवर गेल्यास रक्त तपासून घ्यावे. लग्नकार्यात पंक्तीला आग्रह करण्याची चाल बंद करावी. गर्भवती सुनेच्या ताटात डाळ, दूध व पालेभाजी प्रथम वाढावी, कारण या रोगाची मुळे उदरापासून असतात. रोज तासभर चालावे, हे तर सर्वांनाच लागू आहे. आहार व श्रम यांनी यकृतातील मेद उतरतो, हे सिद्ध झालेले आहे. तथापि ज्यांना औषध चालू आहे, त्यांनी ते वैद्यांस विचारल्याविना सोडू नये.

जमीन गेली ती परत येणे कठीण. पण शरीर अद्याप आपल्या स्वाधीन आहे. त्याची मशागत करण्याची बुद्धी आपणां सर्वांस होवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.