तिकिटाचे पैसे बुडीत खाती
(रौप्यमहोत्सवी मेळाव्यातील मनोगत)

बँकेत जन्म गेला, त्यामुळे हिशेब माझ्या रक्तातच. काही वर्षांपूर्वी मुलगा, सूनबाई, नातू आणि आम्ही दोघं डोंबिवलीहून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेलो. पहिल्याच राइडनंतर नातवाला उलट्या-जुलाब सुरू झाले. दोष आमचाच, आदल्या रात्रीचं पनीर डब्यात नेलं होतं. आणि मी काय म्हणालो? "जरा बसू, बरं वाटेल. एवढी तिकिटं काढलीत!" सौ.ने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

तासाभरात पोर मलूल झालं, ओठ सुकले. सूनबाईंनी पर्समधलं ओआरएस लिटरभर पाण्यात ढवळलं आणि चमच्या-चमच्याने पाजलं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा चमचा. डोंबिवलीत परतल्यावर डॉक्टर म्हणाले, "पाणी वेळेवर दिलंत, म्हणून सलाईन टळलं."

१९७१ साली बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-साखरेचं पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त नको. शौचातून रक्त पडलं, लघवी थांबली किंवा मूल गुंगीत गेलं, तर थेट डॉक्टर.

सहलीला निघताना पाकीट बरोबर घ्या. आणि वेळ आलीच, तर तिकिटाचे पैसे खुशाल बुडीत खाती टाका.