यंत्रावरील गणित आणि आपली मुले
(छत्रपती संभाजीनगर येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंतांचा सत्कार आताच पार पडला. त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु आम्हांस बोलावयाचे आहे ते मागच्या रांगांतील मुलांविषयी. दहावी होताच ‘गणित सुटले एकदाचे’ म्हणून जी सुटकेचा निःश्वास टाकतात त्यांच्याविषयी, आणि त्यांतही मुलींविषयी.

गणिताची भीती बहुधा फळ्यापाशीच जन्मते. फळ्यावरचा त्रिकोण एकच असतो आणि तो हलत नाही. अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो, हे मूल पाठ करते. कोनमापकाने मोजावयास जाते तो कधी ८९ अंश भरतात, कधी ९१. गुरुजी खरे की कोनमापक? बिचारे मूल गुरुजींचे खरे मानते आणि विषयाचा नाद सोडते.

येथेच नव्या साधनांचा उपयोग आहे. ‘जिओजेब्रा’ नावाचे साधन मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात २००१ च्या सुमारास आरंभिले. शिकण्याशिकविण्यासाठी ते विनामूल्य मिळते, आणि एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही चालते. पडद्यावर वर्तुळ काढावे, व्यास घ्यावा, परिघावर एक बिंदू ठेवून तो व्यासाच्या दोन्ही टोकांस जोडावा, आणि मग मुलाने तो बिंदू परिघावरून ओढीत न्यावा. त्रिकोण कधी उभट होतो, कधी चपटा. कोनाचा आकडा मात्र ९० वरून ढळत नाही. मूल आपण होऊन विचारते, ‘असे का?’ या प्रश्नासाठीच सारा खटाटोप. (आमच्या लहानपणी असा प्रश्न विचारणाऱ्यास छडी मिळे.)

तथापि शंभर वेळा ९० दिसले म्हणजे सिद्धता झाली, असे नव्हे. म्हणून आता पडदा मिटून वही उघडावी. केंद्र त्या बिंदूस जोडले की दोन समद्विभुज त्रिकोण होतात, कारण तिन्ही त्रिज्या सारख्या. बिंदूपाशी कोनाचे दोन भाग पडतात, आणि व्यासाच्या टोकांचे कोन त्या भागांइतकेच असतात. म्हणजे मोठ्या त्रिकोणाच्या १८० अंशांत आपला कोन दोनदा येतो. तो ९० च असला पाहिजे. बिंदू ओढण्यापूर्वी ‘काय होईल?’ आणि ओढल्यावर ‘का झाले?’ हे मुलाकडून लिहवून घ्यावे. हे पथ्य न पाळल्यास ते साधन निव्वळ खेळणे होय. आणि फोनवर त्याहून रंगतदार खेळणी पुष्कळ आहेत.

फोनवरून आठवले. कित्येक घरांत चांगला फोन एकच असतो. तो भावाच्या हाती, आणि बहिणीस ‘आवरून झाले की घे’ असे सांगितले जाते. तिच्या गणिताचा निकाल तेथेच लागतो; अकरावीच्या अर्जावर तो फक्त लिहिला जातो.

कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव तालुक्यातील पाटणे लागते. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने तेथे मठ स्थापिला. १२०७ च्या शिलालेखात त्या मठाची नेमणूक कोरलेली असून त्यांत दर तेलघाण्यामागे पळीभर तेलही आहे. राजाचे दान होतेच. पण गणिताच्या दिव्यात तेल घाण्यावाल्याचेही होते.

आपल्या मंडळानेही तितकेच करावे. यंदा ढाली व शाली थोड्या कमी घ्याव्यात आणि त्या पैशांतून एक वापरलेला संगणक व भिंतीवर चित्र पाडणारे यंत्र घ्यावे. वसतिगृहाचे सभागृह रविवारी सकाळी रिकामेच असते. तेथे आठवी ते दहावीचा वर्ग आम्ही विनावेतन घेऊ. अट एकच: यंत्रापाशी प्रथम मुली बसतील. ज्यांस आपल्या मुली पाठवावयाच्या आहेत त्यांनी भोजनापूर्वी चिटणीसांकडे नावे द्यावीत. वही-पेन्सिल सोबत आणावी, फोनची आवश्यकता नाही.