म्युन्स्टर: सायकलींचं शहर

जर्मनीच्या वायव्येकडचं म्युन्स्टर हे ३ लाखांवर वस्तीचं शहर. इथे माणसांपेक्षा सायकली जास्त! अठराव्या शतकात जुन्या शहराची तटबंदी पाडली आणि तिच्या जागी झाडांच्या सावलीतला सुमारे साडेचार किलोमीटरचा गोल रस्ता झाला. त्यावर मोटारींना मज्जाव. विद्यार्थी, सायकलच्या पुढच्या पेटीत मुलं बसवलेले आईबाप, आजीआजोबा, सगळे तिथून निर्धास्त जातात; मला हीच मोठी गोष्ट वाटते. रेल्वे स्टेशनसमोर १९९९पासून तीन हजारांवर सायकलींचा तळ आहे. तिथे दुरुस्ती होते, सायकल धुऊनही मिळते. शहराबाहेर सपाट शेतं आणि पाण्याच्या खंदकांनी वेढलेल्या जुन्या गढ्या. त्यांना जोडणारा सायकलमार्ग ९०० किलोमीटरहून लांब आहे. चढ फारसे नसल्यामुळे उतारवयातली माणसंही त्यावर दिवसदिवस भटकतात.