फ्रेडरिक जोन्स आणि कारागिराच्या बुद्धीचे मोल
(वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेले भाषण)



आपला समाज हा पिढ्यान्‌पिढ्या ऐरणीवर आणि रंध्यावर जगलेला समाज आहे. अशा समाजापुढे बोलताना एखाद्या राजाचे वा सेनापतीचे चरित्र न घेता एका कारागिराचे चरित्र घ्यावे, असे मी योजिले आहे. हा कारागीर दूरच्या अमेरिकेतला. परंतु त्याच्या जीवनातून मिळणारा धडा आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचणारा आहे.

फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स याचा जन्म 1893 साली झाला. तो कृष्णवर्णीय होता, आणि त्या काळी त्या देशात कृष्णवर्णीयास कोणती वागणूक मिळे हे निराळे सांगावयास नको. मातेचे छत्र लहानपणीच हरपले. पित्याने त्यास केंटकी संस्थानातील एका धर्मोपदेशकाच्या स्वाधीन केले. शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांच्या पलीकडे गेले नाही. अकराव्या वर्षी घराबाहेर पडलेला हा मुलगा मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात झाडलोट करू लागला आणि पाहता पाहता तेथील कुशल यंत्रज्ञ बनला. पुढे 1912 साली तो मिनेसोटातील हॅलॉक या लहानशा गावी आला व शेतीची यंत्रे दुरुस्त करू लागला. विद्युत्‌शास्त्र आणि यंत्रशास्त्र तो ग्रंथांवरून स्वतःच शिकला. पहिल्या महायुद्धात सैन्यातर्फे फ्रान्समध्ये जाऊन तो परतला, तो अधिक जाणता होऊन.

हॅलॉकमधील एका डॉक्टरांची अडचण अशी की, क्ष-किरणांनी तपासणी करावयाची तर रुग्णास यंत्रापाशी न्यावे लागे. आणि मोडलेल्या हाडाच्या माणसास हलविणे म्हणजे त्याच्या वेदनांत भरच. जोन्सने विचार उलटा केला. रुग्ण यंत्राकडे जाऊ शकत नसेल, तर यंत्रच रुग्णाकडे का जाऊ नये? त्याने ने-आण करता येईल असे क्ष-किरणयंत्र बनविले. मात्र त्याचे पेटंट त्याने घेतले नाही. पुढे तशी यंत्रे इतरांनी बनविली, विकली आणि त्यांवर धन मिळविले. जोन्सच्या पदरी त्यातले काहीही पडले नाही.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबू या. ही कथा आपणांस अपरिचित आहे काय? माझ्या चुलत्यांनी तिफणीच्या चाड्यात एक सुधारणा केली होती, जेणेकरून बी सारखे पडे. पंचक्रोशीतील शेतकरी ती पाहावयास येत व चुलते मोठ्या हौसेने दाखवीत. पुढच्याच हंगामात एका मोठ्या कारखान्याने तशीच तिफण बाजारात आणली. चुलत्यांस बी पेरल्याचे पुण्य मिळाले. पीक दुसऱ्याने नेले.

जोन्स मात्र शहाणा झाला. मिनिॲपोलिस येथे जोसेफ न्यूमेरो यांचा चित्रपटगृहांस ध्वनिसाहित्य पुरविण्याचा व्यवसाय होता. तेथे तो काम करू लागला. तिकिटे देणाऱ्या यंत्राचे पेटंट 1939 साली त्याच्या नावे झाले. याच सुमारास मालमोटारींचा प्रश्न पुढे आला. कोंबड्या, मांस, फळे बर्फात घालून दूरच्या गावी धाडावीत, तर वाटेत बर्फ वितळे आणि माल नासे.

थंडीचे तत्त्व आपल्या घरच्या माठातही आहे. माठाच्या अंगावर झिरपलेले पाणी उडून जाताना आतील पाण्याची उष्णता घेऊन जाते. शीतयंत्रात पाण्याऐवजी चटकन उडणारे एक रासायनिक द्रव्य असते. ते उडताना पेटीतील उष्णता शोषून घेते. मग संपीडक त्याची वाफ दाबतो, ती बाहेर उष्णता टाकून पुन्हा द्रव होते, आणि हे चक्र अखंड चालते. घरात ठेवलेल्या यंत्रात हे साधलेले होतेच. परंतु खडबडीत रस्त्यावर हादरे खाणाऱ्या मोटारीत ते टिकेना. जोन्सने हादरे सोसणारे, हलके, स्वयंचलित यंत्र रचिले. प्रथम ते मोटारीखाली बसविले, तर चिखलधुळीने तुंबले. तेव्हा त्याने ते पुढच्या बाजूस वर नेले. या शोधावर 1938 साली न्यूमेरोंसह कंपनी उभी राहिली, तीच पुढे थर्मो किंग म्हणून प्रसिद्धीस आली. दुसऱ्या महायुद्धात अशाच यंत्रांच्या बळावर रक्त, औषधे व अन्न रणभूमीपर्यंत सुस्थितीत पोहोचले. आज आपल्या नाशिकची द्राक्षे सातासमुद्रापार जातात, लहान मुलांच्या लसी थंडाव्यात गावोगाव पोहोचतात, त्यामागे प्रवासात टिकणाऱ्या थंडीची हीच विद्या आहे.

1961 साली जोन्स निवर्तला. त्याच्या नावे साठांहून अधिक पेटंटे होती व त्यांपैकी सुमारे चाळीस प्रशीतनाची. अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञानपदक त्यास 1991 साली, मरणोत्तर, देण्यात आले.

आता आपल्याकडे वळू. आपल्या समाजात दोन रूढी आहेत. एक, कसब घराबाहेर जाऊ द्यावयाचे नाही. परिणामी जाणता गेला की विद्याही त्याच्याबरोबर गेली. दुसरी, भोळेपणाने सर्वांस सर्व दाखवावयाचे. परिणामी लाभ परक्याचा. पेटंट हा या दोहोंमधील न्याय्य मार्ग होय. संशोधकाने आपली युक्ती लिहून जगापुढे मांडावी, आणि त्या मोबदल्यात कायद्याने त्यास ठरावीक काळ हक्क द्यावा. आपल्या देशात 1970 च्या पेटंट कायद्याप्रमाणे हा काळ अर्जाच्या दिनांकापासून 20 वर्षांचा आहे. त्यानंतर ती विद्या सर्वांची होते. युक्ती नवी हवी, त्या धंद्यातील जाणत्यालाही सहज न सुचणारी हवी आणि उद्योगात उपयोगी हवी. मुख्य म्हणजे, चारचौघांत दाखविण्यापूर्वी अर्ज करावयास हवा. पेटंट कार्यालयाची शाखा मुंबईतच आहे, आणि व्यक्तीस शुल्कही मोठ्या कंपनीहून कमी पडते.

म्हणून माझी मंडळास नम्र सूचना आहे. विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या आपण देतोच. त्याबरोबर दरवर्षी निदान एका कारागिराच्या अर्जाचा खर्च मंडळाने सोसावा, आणि आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी त्याच्या युक्तीचे वर्णन व आकृत्या तयार करून द्याव्यात. ज्याच्या हातात कसब आहे त्याच्या हाती लेखणी नाही, आणि ज्याच्या हाती लेखणी आहे त्याला ऐरणीची लाज वाटते. हे दोन हात एकत्र आले, तर आपल्या घामाबरोबर आपल्या बुद्धीचेही मोल होईल.