देवाचें प्रतिरूप

पनवेल शहरांत बेने इस्राएल समाजाचें एक प्रार्थनामंदिर आहे. इ. स. १८४९ मध्यें बांधलेल्या या मंदिराचें नांव बेथ-एल. हिब्रू भाषेंत या शब्दाचा अर्थ देवाचें घर असा होतो. देवळांत शिरतांच ज्याची नजर सवयीनें गाभाऱ्याकडे वळते, त्याला येथें पडद्याआडचें एक कपाट आणि त्या कपाटांत जपून ठेवलेल्या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या यांखेरीज कांहीं आढळत नाहीं. मूर्ति नाहीं, तसबीर नाहीं. बेने इस्राएलांच्या घरोघरीं मात्र अग्निरथांतून स्वर्गास जाणाऱ्या एलियाहू प्रवक्त्याची तसबीर भिंतीवर लावलेली असते. कोंकणच्या मातीनें एवढी सवलत घेतली, असें म्हटलें तरी चालेल. पण ती घरापुरती.

मौज अशी कीं, कपाटांतल्या त्या गुंडाळींत, ग्रंथाच्या अगदीं पहिल्याच अध्यायांत, देवाच्या प्रतिमेचा उल्लेख आहे. देवानें सृष्टि निर्माण केली आणि शेवटीं आपल्या प्रतिरूपाचा, आपल्याशीं सदृश असा मनुष्य घडविला, पुरुष व स्त्री दोन्ही घडविलीं, असें तो अध्याय सांगतो. ज्या देवाची कोणतीहि प्रतिमा करूं नये अशी सक्त आज्ञा पुढें येते, त्यानें स्वतःच आपली प्रतिमा करून ठेविली आहे, आणि ती लांकडापाषाणाची नाहीं, चालतीबोलती आहे. यहुदी व ख्रिस्ती या दोन्ही धर्मांचा मनुष्यविषयक विचार या एका वचनावर उभा आहे. त्या वचनाचा ख्रिस्ती धर्मशास्त्रानें काय अर्थ केला, आणि तो अर्थ कोंकणांत येऊन पोंचल्यावर काय झालें, हा येथें विषय आहे.

मूळ हिब्रू शब्द आहे ‘सेलेम’. हा शब्द सोंवळा नाहीं. त्याच ग्रंथांत इतरत्र मोडून टाकावयाच्या मूर्तींनाहि हाच शब्द लावलेला आहे. १९७९ सालीं सीरिया देशांत तेल फेखेरिये येथें एका प्राचीन प्रांताधिपतीचा पाषाणाचा पुतळा सांपडला. त्यावरील अरामी लेखांत ‘प्रतिमा’ आणि ‘सादृश्य’ या अर्थाचे तेच दोन शब्द त्या पुतळ्याला उद्देशून आले आहेत. यावरून वचनाचा रोख ध्यानांत येतो. राजानें दूरच्या प्रांतांत आपला पुतळा उभारावा, म्हणजे तो स्वतः तेथें नसतांहि त्याची सत्ता तेथें आहे हें प्रजेला कळावें, अशी त्या काळची रीत होती. मिसर देशांत तर राजाच देवाची प्रतिमा समजला जाई. तूतनखामेन या नांवाचाच अर्थ ‘आमोन देवाची सजीव प्रतिमा’ असा आहे. हा राजाचा मान उत्पत्तीच्या लेखकानें काढून घेतला आणि तो सरसकट माणसाला देऊन टाकला. त्यांत राजा आला, तसा राजाचा हमालहि आला. आणि स्त्रीहि आली, हें विशेष.

हें वचन मराठींत कसें आलें, तीहि कथा लहान नाहीं. कोंकणांतले बेने इस्राएल तेलाच्या घाण्यावर निर्वाह करीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत; म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. पेण, केहीम, राजपूर अशा गांवांवरून त्यांचीं आडनांवें पडलीं. सुंता, शनिवारचा विसावा, कांहीं सण आणि ईश्वर एकच आहे हें सांगणारी ‘शेमा’ ही प्रार्थना एवढें त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलें होतें. धर्मग्रंथ मात्र त्यांच्या हातीं उरला नव्हता. १८१३ सालापासून मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीं आणि त्यांच्यामागून आलेल्या स्कॉटिश मिशनऱ्यांनीं कोंकणांत शाळा काढल्या. त्या शाळांत बेने इस्राएलांचीं मुलें पुष्कळ असत. डॉ. जॉन विल्सन यांनीं तर १८३२ सालीं या समाजासाठीं मराठींतून हिब्रू व्याकरण छापलें. उद्देश उघड होता. परिणाम निराळा झाला. ख्रिस्ती झालेले बेने इस्राएल फार थोडे. उलट जुना करार मराठींत वाचून हा समाज आपल्या मूळ धर्मांतच अधिक घट्ट झाला. पुढें जोसेफ एझिकेल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानांनीं हिब्रू प्रार्थना मराठींत आणल्या. मिशनऱ्यांनीं दिवा लावला आणि उजेड शेजारच्या घरांत पडला, असाच हा प्रकार होता. आणि त्याबद्दल कोणाला वाईट वाटण्याचें कारण नाहीं.

पण भाषांतर करणाऱ्यापुढें खरी अडचण होती ती ‘सेलेम’ची. ‘मूर्ति’ म्हणावें तर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्राणप्रतिष्ठा, अभिषेक, नैवेद्य असा सारा सोहळा उभा राहतो. ‘अंश’ म्हणावें तर मनुष्य हा देवाचाच तुकडा ठरतो, आणि तें बायबलाला मान्य नाहीं. अखेर मराठी बायबलांत ‘प्रतिरूप’ हा शब्द स्थिरावला. पंडिता रमाबाईंनीं आयुष्याच्या उत्तरार्धांत केडगांवीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून सबंध बायबल मराठींत आणलें. बोजड संस्कृत शब्द टाळावे असा त्यांचा कटाक्ष होता. त्या १९२२ सालीं वारल्या, आणि तें भाषांतर १९२४ सालीं छापून निघालें. एका विदुषीच्या आयुष्याचीं इतकीं वर्षें शब्द निवडण्यांत जावीं, यावरूनच अडचणीची खोली कळते.

ही अडचण नुसत्या कोशाची नव्हे. एकनाथांनीं काशीहून रामेश्वरासाठीं आणलेली गंगेची कावड तहानेनें तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखीं रिकामी केली, ही कथा महाराष्ट्रांत लहान मूलहि जाणतें. तेथील भाव असा कीं, गाढवांतहि तोच ईश्वर आहे. उत्पत्तीचा भाव याहून वेगळा आहे. तेथें मनुष्यांत देव नाहीं. मनुष्य देवाचें प्रतिबिंब आहे. प्रतिबिंबाला स्वतःचा प्रकाश नसतो. आरशानें तोंड फिरवलें कीं तें नाहींसें होतें. म्हणून ख्रिस्ती विचारांत मनुष्याचा मान फार मोठा आहे, आणि त्याच वेळीं तो सर्वस्वीं उसना आहे. गाढव मात्र या मानांतून सुटलें, ही गोष्ट एकनाथांच्या वाचकाला खटकली तर त्याला दोष देतां येणार नाहीं.

पुढचा प्रश्न असा कीं, हें प्रतिरूप मनुष्यांत नेमकें कोठें आहे? दुसऱ्या शतकांतील इरिनेयस यानें प्रतिरूप आणि सादृश्य यांत भेद केला; पहिलें जन्मतःच असतें, दुसऱ्यापर्यंत वाढत जावयाचें असतें. ऑगस्टिन यानें पांचव्या शतकाच्या आरंभीं स्मृति, बुद्धि आणि इच्छा या त्रयींत देवाच्या त्रैक्याची छाया पाहिली. लूथरच्या मतें आदामाच्या पतनानें प्रतिरूप गमावलें गेलें. कॅल्व्हिननें तें इतकें विद्रूप झालेलें मानलें कीं अवशेष तेवढे उरले. तरीहि अनोळखी, इतकेंच नव्हे तर अपकार करणाऱ्या मनुष्यावरहि प्रेम कां करावें, याचें उत्तर देतांना कॅल्व्हिन त्या अवशेषांकडेच बोट दाखवितो. नव्या कराराप्रमाणें अदृश्य देवाचें पूर्ण प्रतिरूप एकच, तें म्हणजे ख्रिस्त; आणि मळलेलें प्रतिरूप त्याच्यायोगें पुन्हां उजळतें. येथें मात्र पनवेलच्या बेथ-एलची आणि चर्चची वाट वेगळी होते. आरंभीचें वचन दोघांचें एकच असलें तरी बेने इस्राएल या वळणावर थांबले, आणि ते कां थांबले हें शेमा रोज म्हणणाऱ्या समाजाला समजावून सांगावें लागत नाहीं.

या तत्त्वज्ञानाची कसोटी मात्र व्यवहारांत लागते. जलप्रलयानंतर मनुष्यहत्येचा निषेध करतांना उत्पत्तीच्या ग्रंथांत दिलेलें कारण हेंच आहे: मारला गेलेला माणूस देवाचें प्रतिरूप होता. यहुदी मिश्नांत एक सुंदर दृष्टान्त आहे. राजा एकाच छापानें अनेक नाणीं पाडतो, तीं सारीं सारखीं निघतात. देवानें सर्व माणसें आदामाच्या एकाच छापानें पाडलीं, पण त्यांतलें एक दुसऱ्यासारखें नाहीं. चौथ्या शतकांत निस्साचा ग्रेगरी यानें गुलाम विकत घेणाऱ्यांना विचारलें कीं, देवाच्या प्रतिरूपाची किंमत तुम्हीं कोणत्या नाण्यांत ठरविली? प्रश्न बिनतोड होता. तरीहि सोळाव्या शतकांत, ख्रिस्ती राजाच्या अमलाखालीं, गोव्याच्या भर बाजारांत माणसें विकलीं जात असल्याचें लिन्स्खोटेन या डच प्रवाशानें लिहून ठेवलें आहे. विकणारेहि रविवारीं प्रार्थनेस जात असतील.

आणि हें केवळ फिरंग्यांचें पाप म्हणून सोडून देतां येत नाहीं. बेने इस्राएलांतच ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग पडले होते. ज्यांच्या वंशांत परजातीची माता होती असें समजलें जाई ते काळे. त्यांच्याशीं गोऱ्यांचा बेटीव्यवहार नसे. गोव्याच्या ख्रिस्ती समाजांत देवळांचीं बंधुमंडळें जातवार वांटलेलीं होतीं. दक्षिणेंतील चर्चमध्यें बसण्याच्या जागा जातीप्रमाणें वेगळ्या ठेवण्याची चाल इतकी रुजली होती कीं, १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना ती बंद करण्याचें आज्ञापत्र काढावें लागलें. तें निघाल्यावर कित्येकांनीं चर्चच सोडलें. वचन वाचण्यास सोपें आणि शेजाऱ्याच्या पंक्तीस बसण्यास अवघड, ही कोंकणापासून तंजावरापर्यंतची एकच गोष्ट आहे.

विद्वानांच्या उत्तरांतहि एक उणीव राहून गेली होती. प्रतिरूप बुद्धींत असेल, तर तान्ह्या मुलांत तें किती? ज्याची स्मृति गेली त्या वृद्धांत किती? पनवेलजवळ नेरे येथें शांतिवन म्हणून कुष्ठरुग्णांचें वसतिस्थान उभें राहिलें. तें मिशनचें नव्हे, गांधीजींच्या प्रेरणेचें आहे. पण त्या ठिकाणीं हा प्रश्न ग्रंथांतला राहत नाहीं. ज्या रोगानें बोटें झडतात आणि चेहरा ओळखूं येईनासा होतो, त्या रोग्याला आपल्या समाजानें शतकानुशतकें वेशीबाहेर ठेवलें. लेवीय नांवाच्या पुस्तकानेंहि त्वचारोग्याला छावणीबाहेर राहून ‘अशुद्ध’ अशी हाक देण्यास सांगितलें आहे. अर्थात तो रोग आणि आजचा कुष्ठरोग एकच नव्हेत असें अभ्यासक मानतात. येशूनें अशा रोग्याला बरें करण्यापूर्वीं प्रथम हात लावला, असें मार्काच्या शुभवर्तमानांत आहे. हात लागला तेव्हां तो अजून शुद्ध झालेला नव्हता. हा क्रम ध्यानांत घेतला तर प्रतिरूप हा मनुष्याच्या अंगचा गुण नसून देवानें त्याच्याशीं ठेवलेला संबंध आहे, असें म्हणणाऱ्या अर्वाचीन पंडितांचें मत अधिक पटतें. कार्ल बार्थ यानें १९४५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत याच दिशेनें विवेचन केलें. पुरुष आणि स्त्री, मी आणि तूं, अशा समोरासमोर असण्यांतच प्रतिरूप आहे, असें तो म्हणतो. एकट्या माणसाजवळ मग ऑगस्टिनची त्रयी असली तरी पुरत नाहीं.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर कोंकणांतील बहुतेक बेने इस्राएल कुटुंबें तिकडे निघून गेलीं. मराठी त्यांनीं बरोबर नेली. यहुदी रीतीप्रमाणें धर्मग्रंथाचें वाचन वर्षभरांत पुरें होतें आणि पुरें होतांच पुन्हां पहिल्या अध्यायापासून आरंभ करतात. परंतु परंपरेनें गुंडाळी सर्वांसमक्ष उघडून वाचावयाची तर निदान दहा पुरुष जमावे लागतात. एकट्यानें तें वाचन होत नाहीं.