सुताची लड आणि शाळेतले गणित

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



पिंपरी-चिंचवडला आपल्यापैकी बरेच जण कारखान्याच्या निमित्ताने आले. आपल्या मुलांच्या हाती आज मायक्रोमीटर आहे. आमच्यासारख्या मालेगावच्या मोमीन घरांत त्याआधी माप होते ते सुताचे.

सूत ‘वीस नंबर’, ‘चाळीस नंबर’ म्हणून विकतात. हा नंबर आला कोठून? गिरणीतल्या फाळक्याचा घेर दीड वार. त्याचे 80 फेरे म्हणजे 120 वार, त्याला ‘ली’ म्हणत. अशा सात ली मिळून 840 वारांची एक लड. एका पौंडात जितक्या लडी बसतील, तितका नंबर. 20 नंबरचे पौंडभर सूत उलगडले तर 16,800 वार भरेल. पुणे स्टेशनापासून चिंचवड स्टेशनापर्यंत साधारण पुरेल! हे माप लँकेशायरचे. चरख्याचे निराळे : चार फुटांचा तार, 640 तारांची गुंडी. 1924 च्या बेळगाव काँग्रेसने सभासदाची वर्गणी दरमहा 2,000 वार सूत अशी ठरविली, तेव्हा पुष्कळांना हा हिशेब शिकावा लागला असेल. पुढे टेक्स आले, म्हणजे 1,000 मीटर सुताचे ग्रॅममधील वजन. त्यात सूत जाड तितका आकडा मोठा, नंबरच्या अगदी उलट. तरी बाजारात आजही नंबरच चालतो.

आता घरची गोष्ट सांगतो. अब्बा सांगत, आजोबांनी हातमागासाठी 20 नंबरचे दहा पौंडी बंडल आणले. लडी मोजल्या, 200 भरल्या. वजनही बरोबर. पण शेवटचे लुगडे पुरे होण्याआधीच सूत संपले. असे दोनदा झाले. आजोबांना वाटले, आपलाच हात सुटला, नासाडी झाली.

आमची फुफी तेव्हा चौथी शिकलेली. एवढीही शाळा मुलीला कशाला, असे मोहल्ल्यात बोलले जाई. तिने एक लड सोडली आणि एकेका लीचे धागे मोजले. 80 ऐवजी 76! लडीमागे 42 वार कमी. 200 लडींत 8,400 वार, म्हणजे पुऱ्या दहा लडी. वजन कसे जुळले? सूतच जाड होते, 19 नंबरचे. पैसे मात्र वीसचे घेतले होते.

पुढच्या खेपेस आजोबा तिला दुकानावर घेऊन गेले. तिने तिथेच लड सोडायला घेतली, तेव्हा दुकानदाराने काही न बोलता आतून दुसरे बंडल आणून दिले.