भातसेचे खोरे : पाऊस, खडक आणि पाण्याची पातळी

भातसा नदी ठाणे जिल्ह्याच्या ईशान्य कोपऱ्यात, कसारा घाटाच्या डोंगरांत उगम पावते. कड्याकडून येणारी चोरणा तिला भातसानगरजवळ मिळते. दोन्ही नद्यांच्या माथ्यावर सह्याद्रीची मुख्य धार आहे. धारेपलीकडे, रतनगडावर उगम पावणारी प्रवरा गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जाते; अलीकडचे पाणी मात्र थोड्याच अंतरात वसईची खाडी गाठते. एवढी उंची इतक्या कमी अंतरात उतरायची, म्हणून कोकणातल्या या नद्या आखूड आणि उतावळ्या.

उताराचा अंदाज रेल्वेवरून येतो. कसारा तीनशे मीटरच्या आसपास, इगतपुरी सहाशेच्या. मधला घाट १८६५ मध्ये रेल्वेने पार केला तो ३७ फुटांना एक फूट अशा चढाने, आणि आजही तिथे गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात.

खोऱ्याचा खडक सगळा काळा पाषाण, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा. आसनगावजवळचा माहुली किल्ला याच खडकाचा. त्याचे सुळके मुंबई-नाशिक महामार्गावरूनही दिसतात. पायथ्याशी वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, घाटमाथ्यावर त्याहून जास्त, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पण हा कातळ पाणी फारसे पोटात घेत नाही. ते मुरते भेगांत आणि थरांमधल्या सांध्यांत. उरलेले ओढ्यांनी धावत खाली जाते. दिवाळी उलटली की वरचे ओहोळ आटू लागतात.

शेतीही या जमिनीप्रमाणेच वाटली गेली आहे. सखल भागात बांध घालून केलेली भातखाचरे, उतारावर वरकस जमीन, तिथे नागली आणि वरई. रोपासाठी राब भाजतात : शेण, पातेरा आणि झाडांची तोडलेली कवळ जमिनीवर पसरायची, वर माती टाकायची आणि उन्हाळ्यात पेटवून द्यायचे. तण जळते, राख मिळते, आणि पहिल्या पावसानंतर तिथेच रोप टाकतात. कुणबी, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा सगळ्यांचे वर्ष या पावसावरच आखलेले असते.

भातसा आणि चोरणा एकत्र येतात तिथे दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात, आणि धरणाला जागा मिळाली ती तिथेच. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची उंची सुमारे ८८ मीटर आहे. पायथ्याशी १५ मेगावॉटचे वीजगृह आहे. धरणाच्या कामगार-कर्मचाऱ्यांच्या वसाहतीचे नाव भातसानगर. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांचा साठा सुमारे साडेचौदा लाख दशलक्ष लिटर धरतात. त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा. पाणी नेण्याची युक्ती साधी आहे. धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून खाली येते, भिवंडी तालुक्यात पिसे येथे बंधाऱ्याने अडवून उपसले जाते आणि पांजरापूरला शुद्ध होते. नदी इथे फुकटचा जलमार्ग झाली आहे. उन्हाळ्यात वाशिंद-खडवलीला पात्र वाहते दिसते ते यामुळेच.

पुढे कल्याणच्या उत्तरेला माळशेजकडून मुरबाड तालुक्यातून येणारी काळू नदी भातसेला भेटते, आणि हे सगळे पाणी उल्हास नदीतून खाडीला जाते.

मग शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर का लागतो? तानसा, मोडकसागर आणि भातसा ही तिन्ही मोठी धरणे याच तालुक्यात असताना? उत्तराचा मोठा भाग उंचीत आहे. भातसा जलाशय काठोकाठ भरला तरी पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १४२ मीटर; उपसा १०५ मीटरपर्यंत उतरू शकतो. कसाऱ्याकडचे पाडे त्याच्या कितीतरी वर. खालचे पाणी वर चढवायला पंप, वीज आणि पैसा लागतो. मुंबईचे पाणी निदान पिशापर्यंत तरी उताराने जाते. हा केवळ भूगोलाचा दोष मानणे मात्र सोयीचे ठरेल, कारण कोणाचे पाणी उपसायचे हे ठरवतात माणसेच. एप्रिल-मेमध्ये बायका कोरड्या ओढ्याच्या पात्रात डवरा खणतात. गुडघाभर खड्ड्यात गढूळ पाणी झिरपेपर्यंत थांबायचे, वाटीने उपसायचे, पदरातून गाळून हंड्यात ओतायचे. हंडा भरायला तास जातो.

यावर आखलेला उपाय डोंगरापलीकडचा आहे. इगतपुरीजवळचे भावली धरण घाटाच्या वर, दारणेच्या खोऱ्यात आहे. तिथून नळाने, उताराच्या जोरावर पाणी शहापूरच्या गावपाड्यांना द्यायचे, अशी ही योजना आहे. म्हणजे भातसेच्या उगमाकडच्या पाड्यांनी गोदावरीच्या खोऱ्याचे पाणी प्यायचे, आणि भातसेचे पाणी मुंबईला जायचे.